पायवेबव्ह्यूची खिडकी आणि काट्याचे वाचन एकाच वेळी कसे चालवावे?

हळदकाटा, सांगली

नमस्कार. सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या मामांचे हळदीचे अडत दुकान आहे. तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्याचे वजन थेट संगणकात यावे, म्हणून गेले काही महिने फावल्या वेळात मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहितो आहे. काट्याच्या इंडिकेटरला मागच्या बाजूला आरएस-२३२ची जोडणी आहे. तिथून यूएसबी कन्व्हर्टरमार्गे वायर संगणकात आणली असून विंडोजला तो पोर्ट कॉम ३ म्हणून दिसतो. वेग ९६०० बॉड आहे. कोणी विचारो वा न विचारो, इंडिकेटर सेकंदाला आठ-दहा वेळा वजनाची ओळ पाठवत राहतो. माझा लूप ती ओळ वाचतो, लागोपाठ पाच ओळींत तोच आकडा आला की वजन स्थिरावले असे मानतो, वक्कल (मालाचा गट) क्रमांक, शेतकऱ्याचे नाव आणि पोत्याचा अनुक्रम यांसह एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये नोंद करतो आणि काटा पुन्हा शून्यावर येईपर्यंत दुसरी नोंद घेत नाही. शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) याच नोंदींवरून निघते.

कमांडच्या काळ्या खिडकीत हे सगळे नीट चालत होते. मात्र दिवाणजींना त्या खिडकीची धास्ती वाटते, आणि त्यांना मराठीतच सगळे दिसायला हवे होते. म्हणून मी एचटीएमएलमध्ये एक स्वच्छ पान तयार केले. त्यावर मोठ्या अक्षरांत चालू वजन, खाली नोंदींचा तक्ता आणि उजवीकडे पट्टी छापण्याचे बटण आहे. हे पान ब्राउझरच्या टॅबमध्ये न उघडता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या खिडकीत उघडावे, म्हणून पायवेबव्ह्यू ही पायथनची लायब्ररी घेतली. घोळ इथूनच सुरू झाला.

खिडकी सुरू करणारी ओळ आधी लिहिली, तर खिडकी उघडते पण काट्याचा लूप सुरूच होत नाही. खिडकी बंद केल्यावर मात्र तो इमानेइतबारे चालू लागतो. लूप आधी लिहिला, तर वजने नोंदली जातात पण खिडकी कधीच येत नाही. मग खिडकीलाच वेगळ्या थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममध्ये शेजारी चालणाऱ्या स्वतंत्र धाग्यात) टाकून पाहिले, तेव्हा पायवेबव्ह्यू मुख्य थ्रेडवरच चालवावे लागते अशा अर्थाचा एरर देऊन प्रोग्रॅम थांबला. शेवटी मी लूपच काढून टाकला आणि पानातल्या जावास्क्रिप्टमधून दर २०० मिलिसेकंदांनी पायथनच्या वजन वाचणाऱ्या फंक्शनला हाक मारू लागलो. हे चालते, पण अधूनमधून आकडे तुटून येतात. ५०.२५० किलोच्या पोत्याला एकदा ५०.२ आणि लगेच पुढच्या ओळीत नुसते ५० असे दिसले. आणखी एक त्रास म्हणजे खिडकी बंद केल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम रेंगाळलेला दिसतो आणि पुन्हा सुरू करू पाहिल्यास कॉम ३ उघडायला परवानगी नाही असे विंडोज सांगते.

खिडकी आणि लूप हे दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये शेजारी-शेजारी कसे नांदवावेत, याचे मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन. हळदीचा हंगाम तोंडावर आहे.


अजिंक्यतारा११, सातारा

आपण प्रश्न इतक्या व्यवस्थित मांडला आहे की उत्तराचा अर्धा भाग त्यातच आला आहे. आपल्याला दिसलेल्या सगळ्या गोष्टींचे मूळ एकच असल्याने आधी तेच सांगतो.

डेस्कटॉपवरील प्रत्येक खिडकीमागे एक न संपणारा लूप फिरत असतो. माउस हलला, कळ दाबली गेली, खिडकीचा एखादा भाग नव्याने रंगवायचा आहे, असे निरोप ऑपरेटिंग सिस्टिम एका रांगेत टाकत असते आणि हा लूप ते एकेक उचलून निकाली काढतो. पायवेबव्ह्यूमधील स्टार्ट ही ओळ म्हणजे या लूपचे दार आहे. आत गेलेला थ्रेड सर्व खिडक्या बंद झाल्याशिवाय बाहेर येत नाही. त्यामुळे त्या ओळीखाली लिहिलेले सगळे खोळंबते आणि वर लिहिलेला आपला लूप स्वतः संपत नसल्याने खिडकीची पाळीच येत नाही. एका माणसाला एकाच वेळी दारात पाहुण्यांचे स्वागत करायला आणि परसात काटा धरायला सांगितल्यासारखे हे आहे. दारातल्या माणसाची जागा ठरलेली, म्हणजे मुख्य थ्रेड. मॅकओएसवर तर खिडकीचे काम मुख्य थ्रेडवरच झाले पाहिजे असा त्या सिस्टिमचाच दंडक आहे आणि पायवेबव्ह्यूने तो सगळीकडे सारखा लावला आहे. म्हणून हलवायची ती खिडकी नव्हे, लूप हलवावा.

त्याची सोय तयारच आहे. स्टार्टला पहिले आर्ग्युमेंट म्हणून एखादे फंक्शन दिले, तर खिडकीचा लूप सुरू होताना ते फंक्शन वेगळ्या थ्रेडमध्ये चालू केले जाते. आपण थ्रेडिंग मॉड्यूल वापरून स्टार्टच्या आधीच स्वतःचा थ्रेड सोडला तरी चालेल. मी स्वतः दुसरी रीत पसंत करतो, कारण मग थ्रेडचे हँडल आपल्या हातात राहते आणि शेवटी तो नीट थांबवता येतो.

आता तुटणाऱ्या आकड्यांकडे येतो. पानातून जेएस एपीआयमार्फत (जावास्क्रिप्ट आणि पायथन यांतील दुव्यामार्फत) पायथनच्या फंक्शनला मारलेली प्रत्येक हाक पायवेबव्ह्यू स्वतंत्र थ्रेडमध्ये चालवते आणि अशा हाकांमध्ये परस्पर कुलूप नसते. पहिली हाक ओळ वाचत असतानाच दुसरी पोहोचली की दोन थ्रेड एकाच पोर्टवरून बाइट उचलू लागतात. ५०.२५० मधले पहिले चार बाइट एकाच्या हाती लागतात, उरलेले दुसऱ्याच्या. त्यात वायरचा किंवा कन्व्हर्टरचा काहीही दोष नाही. उपाय म्हणजे पोर्टचा मालक एकच ठेवावा. काट्याचा थ्रेड पोर्ट उघडेल, तोच वाचेल, तोच बंद करेल. वाचलेले शेवटचे वजन तो एका व्हेरिएबलमध्ये लॉक लावून ठेवेल आणि पानाची हाक आली की फंक्शनने फक्त ते व्हेरिएबल परत करावे, पोर्टला हात लावू नये.

इथे एक निवड करावी लागते. पायथनने इव्हॅल्युएट जेएस वापरून वजन पानावर ढकलावे, की पानाने ते ओढून घ्यावे? मी ओढण्याच्या बाजूचा आहे. ढकलण्यात अडचणी अनेक. पान पूर्ण लोड होण्याआधी ढकलले तर पलीकडे घ्यायला कोणी नसते, आणि खिडकी बंद होत असताना ढकलले तर आपला थ्रेड मोडत्या खिडकीच्या उत्तराची वाट पाहत अडकू शकतो. पानाने पायवेबव्ह्यूरेडी ही घटना ऐकल्यावर दर २५० मिलिसेकंदांनी शेवटचे वजन विचारावे. माणसाच्या डोळ्याला तेवढे पुरते. नोंद मात्र काट्याच्या थ्रेडनेच करावी. पानाचा नोंदीशी संबंध नसावा.

रेंगाळणाऱ्या प्रोग्रॅमचे कारणही यातच आहे. खिडकी गेली तरी एखादा साधा थ्रेड चालू असेल तर पायथन त्याच्यासाठी थांबून राहते, आणि तो थ्रेड कॉम ३ धरून बसलेला असतो. विंडोजवर सिरियल पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो, म्हणून दुसऱ्यांदा सुरू केलेल्या प्रोग्रॅमला नकार येतो. थ्रेडला डीमन (मुख्य प्रोग्रॅम संपताच आपोआप संपणारा) केले की हा त्रास दिसेनासा होतो हे खरे, परंतु तेव्हा तो थ्रेड मध्येच कापला जातो. एसक्यूलाइट अर्धवट व्यवहार मागे फिरवत असल्याने फाइल बिघडत नाही, पण त्या क्षणाचे पोते नोंदीतून निसटते. त्यापेक्षा थ्रेडिंगमधील इव्हेंट (थांबण्याची खूण देणारा झेंडा) घ्यावा, पोर्ट वाचताना एक सेकंदाची कालमर्यादा ठेवावी आणि प्रत्येक वाचनानंतर इव्हेंट तपासावा. स्टार्टमधून मुख्य थ्रेड बाहेर आला की पुढच्याच ओळीत इव्हेंट लावून थ्रेडला जॉइन करावे, म्हणजे तो संपेपर्यंत थांबावे. जास्तीत जास्त एका सेकंदात तो पोर्ट बंद करून परततो.

पायथनमध्ये जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारे कुलूप) असल्याने थ्रेड खरे समांतर चालतच नाहीत, असे कोणीतरी इथे लिहीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आपला थ्रेड ९९ टक्के वेळ पोर्टवर बाइट येण्याची वाट पाहत असतो आणि अशा वाट पाहण्यात पायथन ते कुलूप सोडून देते. खिडकी अडखळण्याचे काही कारण नाही.


हळदकाटा, सांगली

आपण सांगितल्याप्रमाणे काल रात्री बदल केले. पोर्टचा मालक एकच केल्यापासून एकही आकडा तुटलेला नाही आणि खिडकी बंद केल्यावर प्रोग्रॅमही लगेच संपतो. मनापासून आभार.

मात्र आज दुकानात तो चालवताना एक वेगळीच गोष्ट लक्षात आली. जेवायला निघताना मामांनी सवयीने खिडकी बंद केली. पंखा बंद करतात तशीच. हमालांचे तोलणे मागे चालूच होते. अर्ध्या तासात जेवढी पोती काट्यावरून गेली तेवढ्यांची नोंदच झाली नाही आणि शेवटी वहीवरून ती हाताने भरावी लागली. बंद करायच्या बटणावर इशारा ठेवून पाहिला, तर मामा तो न वाचताच होय म्हणतात. शिवाय काटा मागच्या गाळ्यात आणि दिवाणजींची बैठक पुढे, त्यामुळे तेच पान पुढच्या संगणकावरही दिसावे अशी मागणी आली आहे. तो संगणक जुना असून त्यावर विंडोज ७ आहे. आता थ्रेडच्या पुढे जावे लागेल असे वाटते.


कुपवाडकर

वरचे उत्तर बरोबर आहे, पण ते आपण विचारलेल्या प्रश्नाचे होते. आपली खरी गरज आज मामांनी दाखवून दिली. जे काम खिडकी नसतानाही चालायला हवे, ते खिडकीच्या प्रोग्रॅममध्ये ठेवूच नये. थ्रेड कितीही नीट लिहिला तरी तो खिडकीच्या घरातला भाडेकरू आहे. घर पडले की त्यालाही बाहेर पडावे लागते. कुपवाडच्या एमआयडीसीतील दोन-तीन छोट्या कारखान्यांसाठी मी याच धर्तीची कामे केली असून आता मी नेहमी दोन वेगळ्या प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे दोन प्रोग्रॅम, करतो. एक काट्याची, तिला खिडकी नाही. दुसरी पानाची, ती दिवसातून कितीही वेळा उघडावी आणि बंद करावी.

काट्याची प्रोसेस पोर्ट वाचते, एसक्यूलाइटमध्ये लिहिते आणि सोबत एक छोटा एचटीटीपी सर्व्हर चालवते. खिडकी म्हणजे त्या सर्व्हरचे पान उघडणारे पायवेबव्ह्यू, एवढेच. उद्या पायवेबव्ह्यू नको वाटले, तर क्रोम ॲप मोडमध्ये उघडावे. पत्त्याची पट्टी दिसत नाही आणि दिवाणजींना फरकही कळणार नाही. डेटाबेसमध्ये लिहिण्याचा अधिकार फक्त काट्याच्या प्रोसेसला ठेवावा आणि एसक्यूलाइटला वॉल (राइट-अहेड लॉग) मोडमध्ये टाकावे. एसक्यूलाइटमध्ये २०१०पासून असलेल्या या मोडमध्ये वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, त्यामुळे पट्टीसाठी मोठी क्वेरी चालू असली तरी पोत्याची नोंद थांबत नाही.

आता ही प्रोसेस सुरू कोणी करायची, यावर थोडे थांबतो, कारण मी स्वतः इथेच तोंडघशी पडलो होतो. पहिल्या वेळी मी खिडकीच्या प्रोग्रॅममधून मल्टिप्रोसेसिंग वापरून मागची प्रोसेस सोडली. माझ्या संगणकावर, लिनक्सवर, सगळे उत्तम चालले. पायइन्स्टॉलरने एक्झी बनवून कारखान्यात नेली, डबल क्लिक केले आणि खिडकी उघडली. मग दुसरी, तिसरी, दहावी. रक्तबीजाचा प्रकार झाला. शेवटी मालकांनी मुख्य बटण दाबून संगणकच बंद केला. कारण असे की विंडोजमध्ये फोर्क (चालू प्रोसेसची जशीच्या तशी प्रत काढण्याची सोय) नाही, त्यामुळे मल्टिप्रोसेसिंग नवी प्रोसेस अगदी शून्यापासून सुरू करते, आणि एक्झीत बांधल्यावर शून्यापासून सुरू करायचे म्हणजे तीच एक्झी पुन्हा चालवायची. ती पुन्हा खिडकी उघडते, पुन्हा प्रोसेस सोडते. मुख्य फाइलमधील कोड मेनच्या अटीखाली (ती फाइल मुख्य प्रोग्रॅम म्हणून चालवली तरच चालेल असा) ठेवला आणि त्यातील पहिली ओळ फ्रीझ सपोर्टची लिहिली की हे थांबते. ही दीड ओळ न लिहिल्याने माझी एक संपूर्ण दुपार गेली आणि मालकांचा विश्वास परत मिळवायला त्याहून बराच काळ लागला.

आपल्या बाबतीत मात्र खिडकीने प्रोसेस सोडूच नये. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लॉगऑन होताच काट्याची प्रोसेस सुरू होईल अशी नोंद करावी. विंडोज सर्व्हिस करायची झाली तरी करता येईल, पण व्हिस्टापासून सर्व्हिसेस वेगळ्या सत्रात चालतात आणि त्यांना वापरणाऱ्याच्या डेस्कटॉपवर खिडकी दाखवता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्याने एकाच एक्झीत सर्व्हिस आणि खिडकी दोन्ही कोंबली, त्याची खिडकी कुठे गायब झाली याचा शोध तो आठवडाभर घेत बसतो. दोन काट्याच्या प्रोसेस चुकून सुरू होतील ही भीती नको. कॉम ३ हेच कुलूप आहे. दुसरीला पोर्ट मिळणार नाही, तेव्हा तिने गुमान बाहेर पडावे, एवढे लिहून ठेवावे.

एक गोष्ट कृपया विसरू नये. प्रत्येक वजनासोबत ते किती जुने आहे हेही पानाला पाठवावे. यूएसबी कन्व्हर्टर सैल झाला किंवा इंडिकेटरची वीज गेली, तर शेवटचे वजन व्हेरिएबलमध्ये तसेच राहते आणि पान ते ताज्या वजनासारखे दाखवत राहते. रिकाम्या काट्यावर ५०.२५० दिसणे हे काहीच न दिसण्यापेक्षा वाईट आहे. दोन सेकंदांपेक्षा जुने वजन असेल तर आकडा करडा करून त्यावर फुली मारावी.

सर्व्हर १२७.०.०.१ याच पत्त्यावर बांधला तर तो फक्त त्याच संगणकाला दिसतो. दिवाणजींच्या संगणकासाठी तो दुकानातील नेटवर्कवर उघडावा लागेल, पण तिथून फक्त वाचता यावे. नोंद बदलणे आणि खोडणे काट्याच्या संगणकापुरतेच राहू द्यावे आणि त्या विनंत्यांना एक गुप्त टोकन लावावे. आपलाच संगणक, भीती कसली, असे समजू नये. त्याच ब्राउझरमध्ये उघडलेले परके पानही १२७.०.०.१ला विनंती पाठवू शकते; नवे क्रोम त्याआधी परवानगी विचारते, पण त्यावर विसंबू नये. ब्राउझर त्या पानाला उत्तर वाचू देत नाही, पण साधी विनंती तोपर्यंत पोहोचलेली असते आणि खोडायची नोंद खोडली गेलेली असते. वेबसॉकेट वापरत असाल, तर आलेल्या जोडणीचा ओरिजिन (ती कोणत्या साइटवरून आली) आपल्या सर्व्हरने स्वतः तपासावा लागतो; तिथे ब्राउझर अडवत नाही.


घाटावरचा, कराड

मी इलेक्ट्रॉनमध्ये (वेब पानांपासून डेस्कटॉप ॲप बनवण्याच्या साधनात) काम करतो, त्यामुळे थोडे वेगळे मत मांडतो. वरील सगळी कसरत दोन भाषा आणि दोन प्रोसेस जुळवण्यासाठी आहे. क्रोममध्ये २०२१च्या ८९व्या आवृत्तीपासून वेब सिरियल एपीआय आहे. पानच थेट कॉम पोर्ट उघडून वजन वाचू शकते. वापरणाऱ्याने पहिल्यांदा बटण दाबून पोर्ट निवडायचा, नंतर दिलेली परवानगी लक्षात राहते. पायथनची गरजच उरत नाही. ज्यांना स्वतःची खिडकी हवी त्यांनी इलेक्ट्रॉन घ्यावे. मात्र तिथेही हाच नियम वेगळ्या वेशात भेटतो. मुख्य प्रोसेसमध्ये अडवून धरणारे काम केले तर सगळ्या खिडक्या गोठतात, रेंडररमध्ये (खिडकीतले पान रंगवणाऱ्या प्रोसेसमध्ये) केले तर तेवढीच खिडकी गोठते, म्हणून जड काम युटिलिटी प्रोसेसमध्ये टाकतात. ॲप आकाराने मोठे होते हे मान्य आहे. रिकामी खिडकी दाखवणारे ॲपही शंभर एमबीच्या पुढे जाते.


कुपवाडकर

कराडकरांचे वेब सिरियलविषयीचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे आणि प्रात्यक्षिक दाखवायला ती रीत फार सोयीची आहे. पण या दुकानाचा प्रश्न ती सोडवत नाही, उलट वाढवते. पान पोर्टचा मालक झाले की पान बंद होताच वाचन थांबणार, म्हणजे मामांच्या जेवणाची अडचण जिथल्या तिथे.

पानावर वेळ पाळण्याची जबाबदारी टाकू नये याचे आणखी एक कारण माझ्या अनुभवातले आहे. एका ठिकाणी भट्टीच्या तापमानाची नोंद मी क्रोमच्या टॅबमधील टायमरवर सोपवली होती. दर पाच सेकंदांनी नोंद अपेक्षित होती. दिवसभर तसे झाले, आणि रात्रपाळीच्या तक्त्यात मात्र बरोबर एकेका मिनिटाच्या अंतराने नोंदी सापडल्या. भट्टी बिघडली असे समजून लोक धावले होते. प्रत्यक्षात रात्रपाळीचा माणूस टॅब बाजूला सारून दुसरे काही पाहत असे. क्रोम ८८ पासून, म्हणजे २०२१च्या जानेवारीपासून, टॅब पाच मिनिटांहून अधिक काळ लपलेला आणि आवाज न करणारा असेल तर त्यातील साखळी टायमर (पुन्हापुन्हा स्वतःलाच सुरू करणारे) मिनिटातून एकदाच जागे केले जातात. त्याआधीही लपलेल्या टॅबला सेकंदातून एकदाच जाग येत असे. लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठी ते योग्यच आहे, भट्टीसाठी नाही. इलेक्ट्रॉनमध्ये हे मंदावणे बंद करण्याची सोय आहे हे मला माहीत आहे, पण सोय लक्षात ठेवावी लागते.

विंडोज ७ विषयीही सांगून ठेवतो. विंडोजवर पायवेबव्ह्यूच्या खिडकीत पान दाखवणाऱ्या वेबव्ह्यू२ची १०९वी आवृत्ती ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, इलेक्ट्रॉनची २२वी आणि पायथनची ३.८. त्या संगणकावर काहीही बसवायच्या फंदात पडू नये. त्यावर जो ब्राउझर आहे त्यात पान उघडले की झाले. फक्त पानातली जावास्क्रिप्ट फार नव्या धाटणीची लिहू नये.


घाटावरचा, कराड

मामांचा मुद्दा माझ्या लक्षातून निसटला होता, तो मान्य. खिडकी बंद झाल्यावरही काम चालायचे असेल तर इलेक्ट्रॉनमध्येही मी वेगळी प्रोसेसच सुचवली असती.


हळदकाटा, सांगली

तीन दिवस वापरून मग लिहितो आहे. काट्याची प्रोसेस वेगळी केली आणि ती लॉगऑनला सुरू होते. खिडकी पायवेबव्ह्यूचीच ठेवली. दिवाणजींच्या जुन्या संगणकावर तेच पान ब्राउझरमध्ये उघडते, तिथून फक्त वाचता येते. फ्रीझ सपोर्टची ओळ मल्टिप्रोसेसिंग वापरले नसतानाही भीतीपोटी लिहून ठेवली आहे.

काल दुपारी मामांनी नेहमीप्रमाणे खिडकी बंद केली. ते परत आले तेव्हा मी खिडकी उघडली आणि तक्त्यात अकरा नव्या नोंदी होत्या. मामांनी वहीतली पोती बोटाने मोजली, ती अकराच भरली. त्यावर ते काही बोलले नाहीत, चहा मागवला.

एक गंमत छपाईच्या वेळी दिसली. दिवाणजी छापण्याची चौकट उघडून कागद सरळ करत बसले की तेवढा वेळ पानावरचा आकडा जागेवर थांबतो, कारण ती चौकट उघडी असताना पानातील जावास्क्रिप्टच पुढे सरकत नाही. पूर्वीच्या रचनेत त्या काळातले पोते गेले असते. आता मागे नोंद होते आणि चौकट मिटली की आकडा उडी मारून पुढे येतो. मात्र चौकट उघडी असताना थांबलेला आकडा करडा कसा होणार, कारण करडा करणारी जावास्क्रिप्टही थांबलेलीच असते, हे माझ्या लक्षात आले नव्हते. म्हणून छापण्याचे बटण दाबताच आधी आकडा झाकायचा आणि नंतर चौकट उघडायची, असे केले आहे.

जुन्या वजनाची चाचणी मुद्दाम घेतली. पोते काट्यावर असताना कन्व्हर्टर उपसला. दोन सेकंदांत आकडा करडा होऊन त्यावर ‘काटा बोलत नाही’ असे आले. अडचण नंतर झाली. कन्व्हर्टर मी दुसऱ्या यूएसबी खाचेत लावला आणि विंडोजने त्याला कॉम ३ ऐवजी कॉम ७ क्रमांक दिला, त्यामुळे काट्याची प्रोसेस कॉम ३ चीच वाट पाहत राहिली. यार्डात झाडलोट करताना वायर निघणे आणि भलत्या खाचेत जाणे रोजचे आहे. क्रमांकावर न विसंबता कन्व्हर्टर ओळखण्याचा काही मार्ग आहे का?


अजिंक्यतारा११, सातारा

आहे. पायसिरियलमध्ये लिस्ट पोर्ट्स नावाचे मॉड्यूल येते. ते संगणकावरील प्रत्येक पोर्टसोबत त्या उपकरणाचा व्हेंडर क्रमांक आणि प्रॉडक्ट क्रमांक देते. आपल्या कन्व्हर्टरचे हे दोन क्रमांक एकदा पाहून सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावेत. पोर्ट तुटला की काट्याच्या प्रोसेसने जुना पोर्ट आधी नीट बंद करावा, मग दर दोन सेकंदांनी ही यादी पाहावी आणि ते क्रमांक जिथे दिसतील तो पोर्ट उघडावा. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, म्हणून खाच बदलली की विंडोजला ते नवेच उपकरण वाटते. व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक मात्र खाच बदलली तरी तेच राहतात. दुकानात त्याच प्रकारचा दुसरा कन्व्हर्टर, समजा बारकोड वाचणाऱ्यासाठी, लावणार असाल तर दोघांचे क्रमांक सारखेच येतील. तेव्हा पोर्ट उघडल्यावर पहिल्या काही ओळी वजनाच्या साच्यात बसतात का हे तपासून मगच तो काट्याचा आहे असे मानावे.


हळदकाटा, सांगली

बारकोड नाही, पण मामा पुढच्या महिन्यात दुसरा काटा घेणार आहेत आणि त्याचा कन्व्हर्टर मी पहिला जिथून घेतला त्याच दुकानातून, याच प्रकारचा आणणार होतो. आता अनुक्रमांक असलेला शोधतो.